फुंकरबाईंची शाब्बासकी

सिगारेट सोडताना माणसाच्या मनात आणि मेंदूत काय घडतं, याचा अभ्यास त्या केंद्रात चाले. अहवालावर नाव डॉक्टरांचं; पण माणसांना बसवून आकडे लिहून घेत त्या फुंकरबाई. दर आठवड्याला तोंडी प्रश्न, सहाव्या आठवड्याला श्वासातला सिगारेटचा विषारी वायू मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकर. चार वर्षांत आकडा इकडचा तिकडे नाही! अशा माणसांच्या जिवावर संशोधन उभं असतं, पण त्यांचं कौतुक करायला कुणाला सवड नसते.

"किती ओढल्या?"

"एकही नाही."

"शाब्बास!"

ही शाब्बासकी फॉर्मवर नव्हती, बाईंच्या पदरची होती. पुढे यंत्राचा आकडा जुळला नाही, की माणूस लबाड म्हणून त्या मोकळ्या होत.

धाकट्या दिराला त्यांनीच गळ घालून इथे आणलं होतं. बस चालवायचा. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला, दुसरा झेपणार नाही असं सांगितलेलं. सहाव्या आठवड्यातही तो छातीठोकपणे "एकही नाही" म्हणाला, शाब्बासकी घेतली आणि नळीत फुंकर मारली. दहाच्या वर म्हणजे ओढलेली. यंत्रावर एकोणीस आले.

"वहिनी, सहा लिहा ना."

"एकोणीसच लिहिणार. खोटं का बोललात भाऊजी?"

"पहिल्याच दिवशी शाब्बास म्हणालात. मग खरं सांगायला जीभच रेटेना."

बाईंनी जुन्या फायली उपसल्या. सहकाऱ्यांपेक्षा त्यांच्याच माणसांची उत्तरं यंत्राशी जास्त फारकत घेत होती. लबाड माणसं नेमकी त्यांच्याच वाट्याला कशी येतील? त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"माझ्याकडची तोंडी उत्तरं धरू नका. मी बिघडवलीत."

"चार वर्षांचं काम आहे बाई! कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगतेय."

डॉक्टरांनी ती उत्तरं अहवालातून बाजूला काढली आणि बाईंना त्याच खुर्चीवर ठेवलं. माझा तर बाईंना कोपरापासून नमस्कार.

पुढच्या आठवड्यात दीर आला. बाईंनी प्रश्न विचारला आणि पेन हातात घेऊन थांबल्या. त्याने त्यांचा चेहरा न्याहाळून पाहिला. तिथे ना कौतुक होतं, ना राग.

"रोज सहा," तो म्हणाला आणि रडायला लागला.

बाईंनी आठवड्याचे बेचाळीस लिहिले. त्याचा खरा उपचार त्या दिवशी सुरू झाला.