खुर्ची बंद केल्याशिवाय नेम नाही

इंग्लंडातल्या लेस्टरच्या आमच्या मंडळाच्या रंगपंचमीला पोरांनी पिचकाऱ्या उपसल्या की शिकारीकाका ओरडायचे, "नळी खाली! माणसाकडं नळी धरायची नाही!" आता पिचकारी माणसावर नाही उडवायची तर काय झाडांवर? पोरं वैतागायची, त्यांच्या आया तोंडं वाकडी करायच्या. पण काका एकेकाचा हात धरून नळी जमिनीकडे वळवायचे. बंदूक खेळातली असो नाहीतर खरी, त्यांना त्यात फरकच दिसत नसे.

काका मूळचे नागपूरचे. इथे एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या जमीनमालकाच्या रानात, रीतसर लायसन्सच्या बंदुकीने, हरणांची शिकार करायचे. राहायचे आमच्या शेजारी. मी पुण्याची, घरात अंडंसुद्धा न शिजणाऱ्यांतली. पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं, "मला नाही हो पटत हे." ते हसले. "तू खातेस तो पालक काय हरणांना विचारून उगवते? इथं त्यांना खायला वाघ नाही, पोरी. अख्खं रान फस्त करून टाकतेत." मला ते अजूनही पटलेलं नाही. पण माणूस इतका लाघवी की माझं काही चाललं नाही.

मग त्यांना तो मेला आजार झाला, एकेक स्नायू निकामी करत जाणारा. आधी पाय गेले. बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. दुसरा कोणी असता तर बंदूक विकून देवाचं नाव घेत बसला असता. काकांनी खुर्चीला बंदूक टेकवायचा स्टँड बसवून घेतला आणि मग त्यांना घोर लागला तो कायद्याचा. इकडे चालत्या गाडीतून किंवा इंजिन सुरू ठेवून हरणावर गोळी झाडायला बंदी आहे. मग बॅटरीची खुर्ची ही गाडी धरायची की नाही? पोलिसांना विचारलं, कौन्सिलला विचारलं. जो तो म्हणे, ते आमच्याकडे येत नाही, तिकडे विचारा. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, "अहो काका, रानात कोण बघायला येतंय?"

जन्मात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. "कोणी बघते म्हणून नियम पाळतेस काय तू?"

निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला: खुर्ची पूर्ण बंद केल्याशिवाय नेम धरायचा नाही. पोलीस घरी येऊन स्टँड बघून गेले, डॉक्टरांनी रिपोर्ट दिला, लायसन्सची मुदत वाढवून मिळाली. त्या दिवशी काकांनी अख्ख्या रस्त्याला जिलबी वाटली, इंग्रज शेजाऱ्यांनासुद्धा.

काकूंना ड्रायव्हिंग येत नाही, म्हणून रानात काकांना मी घेऊन गेले. हो, मीच! तिथला रखवालदार बरोबर होता. धुकं निवळत होतं. समोर एक नर हरीण आलं आणि मान वर करून उभं राहिलं. काकांनी खुर्ची बंद केली, नेम धरला. मी मनात म्हणतेय, पळ ना रे, पळ. ते काही पळालं नाही, आणि गोळीही सुटली नाही. बराच वेळ गेला. मग काकांनी रखवालदाराला बंदूक रिकामी करायला सांगितली.

"दिसलं नाही का, काका?"

"दिसलं ना. बोट ट्रिगरवर हाये का नाही, तेच समजून नाही रायलं."

परतताना मी नुसती बडबडत होते. थंडी होती, बोटं गारठली असतील, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ, लायसन्सला अजून मुदत आहे, कोण्णी विचारणार नाही. ऐका, मी बोलत होते हे! काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अन् नेम चुकला तर? पोटात गोळी घेऊन ते दिवसभर झुडपात तडफडत पडते. त्याले काय सांगू, लायसन्सला मुदत हाये म्हणून?" मला रडूच फुटलं. गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला.

त्यानंतर काका फार जगले नाहीत. हात गेले, मग आवाज गेला, मग तेही. पण त्यांचं जाणं म्हटलं की मला पोलीस बंदूक न्यायला आले तो दिवस आठवतो. काकूंनी उभ्या संसारात त्या बंदुकीचा राग राग केला होता. "ती अवदसा घराबाहेर काढा," हे मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकलंय. पोलिसाने बंदूक पेटीत ठेवली, पेटी उचलली आणि तो दाराकडे निघाला, तशा काकू धावत जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं इंग्लंडात काढलेली बाई त्या गोऱ्या माणसाशी चक्क मराठीत बोलायला लागली. "अहो, राहू द्या ना ती. मी नाही पुन्हा काही बोलणार. खरंच नाही बोलणार."

त्याला बिचाऱ्याला काय कळणार? तो पेटी घेऊन तसाच उभा राहिला.

"अवं, जाऊ दे त्याले," खुर्चीतून काका म्हणाले. "मीच बोलावलं हाये."