अर्धी पट्टी

सेलूचे मेडिकलवाले काका कात्री शर्टाच्या खिशातच ठेवतात. आईच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी ते न विचारताच अर्धी कापून देतात, अख्खी आम्हाला परवडत नाही म्हणून. कंपनीकडून त्यांना दहा पट्ट्यांवर दोन फुकट येतात. आमच्यापर्यंत पोचते ती छापील किंमतच. मी एकदा जेनेरिकचं विचारलं, तर हळूच म्हणाले, "त्याचा गुण येत न्हाई, बाबा. आईच्या जिवाशी खेळू नको."

परवा परभणीत जेनेरिकच्या दुकानापुढं रांगेत उभा होतो. पुढचा माणूस गोळ्या घेऊन वळला. काकाच होते. हातात शुगरच्या अख्ख्या पट्ट्या.

"माझीबी शुगर वाढलीय," नजर चुकवत म्हणाले. "आई कशी हाय?"

"गोळी एक दिवसाआड घ्यायलीय."