मैना कुणाच्या मागं पळाली

शालूबाई पन्नाशीची. गंगावेशीच्या मागं आमच्या गल्लीत तिचा पाच म्हशींचा गोठा, आणि संध्याकाळी दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देणारी ती एकटीच बाई. तोंडानं फटकळ. एका पावण्यानं "पाणी घालत न्हाईसा न्हवं?" असं विचारलं, तर "म्हशीच्या पोटातच घालते, वाकून बगा की" म्हणाली होती. मी तिच्या समोरच राहतो. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो. लोक मला नाना म्हणतात आणि माघारी खवट म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्याला मोरपिसं, आणि मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढं. दोरी नाही, काठी नाही. म्हैस आपल्या मालकाच्या गाडीच्या आवाजामागं पळते. भोवतीनं पन्नास गाड्या बोंबलत असल्या तरी तिला आपली गाडी बरोबर कळते.

शालूबाईचा नवरा कृष्णात याची जुनी राजदूत होती. मैना नावाची म्हैस रेडकू असल्यापासून तिच्या मागं पळायला शिकलेली. चार वर्षांपूर्वी कृष्णात छातीत कळ येऊन गेला. राजदूत गोठ्यात कडब्याखाली गेली, सीटवर कोंबड्या बसायला लागल्या, आणि पाडव्याला मैना दावणीलाच राहायला लागली. गल्लीतल्या गवळ्यांनी सल्ला दिला, "गाडी भंगारात घाल, म्हस वीक. बाईमाणसाच्या मागं म्हस पळत न्हाय."

हे तिला झोंबलं. मागच्या शिमग्याला तिनं कडबा बाजूला केला आणि गाडी उन्हात ओढून आणली. म्हणाली, "औंदाच्या पाडव्याला मैना माझ्या मागनं पळणार. न्हाय पळाली तर दोन्ही वीकते."

तोवर तिनं दुधाचे कॅन न्यायला मोपेड चालवली होती तेवढीच. गिअर कधी टाकला नव्हता, पाना कधी धरला नव्हता. शिकवायला आला बाळासो. त्याचं उद्यमनगरात गॅरेज, कृष्णातचा लहानपणापासूनचा दोस्त. कृष्णात होता तोवर तिला वैनी म्हणायचा. तो गेल्यावर पहिल्याच भाऊबीजेला साडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "तुला भाऊ न्हाय, मला भन न्हाय. आजपास्नं तू माझी आक्का." शालूबाई त्या दिवशी ओवाळताना रडली होती. मी खिडकीतून बघितलं होतं, आणि बाळासोबद्दल माझंही मत चांगलं झालं होतं. माझं मत असं सहजासहजी कुणाबद्दल चांगलं होत नाही.

तो दर रविवारी यायचा. टाकी उघडली तर आतून गंजाचा चहा निघाला. मग टाकी धुणं, कार्ब्युरेटर सोडवून त्याच्या भोकात फुंकर मारणं, प्लग घासणं, पेट्रोलात ऑइल किती मिसळायचं ते. किक उलटी बसून तिची पोटरी महिनाभर निळी होती. एकदा ब्रेक करकरतोय म्हणून तिनं आतल्या लायनरला प्रेमानं खोबरेल तेल चोपडलं आणि उतारावरून थेट उकिरड्यात गेली. बाळासो पोट धरून हसला. पण हसून झाल्यावर बसला आणि ब्रेक कशानं धरतो ते तिला अर्धा तास समजावून सांगितलं. शिकवायचा मात्र खरंच चांगला. आज ते आठवलं की जास्तच चीड येते.

श्रावणात तो म्हणाला, "आक्का, क्रँकचं काम हाय. इचलकरंजीला माझ्या वळखीचा लेथवाला हाय, त्याच्याकडं देऊया." तिनं स्वतः इंजिन उचलू लागून त्याच्या टेम्पोत ठेवलं. बारा दिवसांनी ते परत आलं ते चंदेरी रंग मारून, लखलखीत. गेलं तेव्हा तेला-मातीनं काळं मिट्ट होतं. न्हाऊ-माखू घातलेल्या पोराकडं बघावं तशी ती त्याच्याकडं बघत होती.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. सगळी गल्ली बाहेर आली. शालूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आवाज जरा बारीक वाटतोय रं."

"पिस्टनच्या रिंगा नव्या हायत, आक्का. बसल्या की खुलंल."

मैनेनं कान हलवला नाही. शालूबाईला वाटलं, चार वर्षं झाली, विसरली असेल. रोज पहाटे ती मैनेला सराव द्यायला लागली. कॅरियरला वैरणीची पेंडी बांधली की मैना मागं यायची, पण ती पेंडीच्या मागं.

पाडव्याला पंचगंगेच्या रस्त्यावर ही गर्दी. शालूबाईनं काष्टा घातला होता, मैनेच्या शिंगांना लाल रंग, कपाळावर आरसा. तिनं किक मारली, गाडी एका झटक्यात लागली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मैना दहा पावलं आली आणि थांबली.

तेवढ्यात पलीकडून दुसरी एक राजदूत आली. मैनेचे कान ताठ झाले. तिनं मान फिरवली, शेपटी वर केली आणि सुटली ती त्या गाडीच्या मागं, कवड्या उधळत, गर्दी फोडत. चार वर्षांपूर्वी पळायची तशी.

लोक हसले. एकजण ओरडला, "शालूबाई, म्हस सासरी गेली की!" मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

शालूबाई गाडीवर तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "हिनं बी मला सोडलं, नाना. हिला तर मी हातानं वाढवली." मी वळून हसणाऱ्या पोरांना हाकललं.

थोड्या वेळानं ती दुसरी राजदूत परत आली. वर खिजर, पलीकडच्या गल्लीत टायरचं दुकान चालवणारा. मागं मैना, तोंडाला फेस, पण खूश. खिजर बिचारा ओशाळला होता. "मावशी, ही माझ्या मागं का लागली कळंना. अब्बांची गाडी हाय, ह्याच म्हैन्यात चालू केली."

त्याची गाडी उभ्या जागी चालूच होती. तीन ठोके सरळ, मग एक गिळल्यासारखा, कृष्णातच्या गाडीचा असायचा तसा. शालूबाई खाली उतरली आणि खिजरच्या गाडीपाशी कान देऊन उभी राहिली. मग विचारलं, "इंजिन कुनी बसिवलं?"

"बाळासोंनी. आमच्या इंजिनाचं खालचं केसिंग तडकलं हुतं. भंगारात एक चांगलं घावलं म्हणाले."

तिनं मला घरी पाठवलं, कृष्णातचं आर.सी. बुक आणायला. खिजरनं स्वतःच्या रुमालानं इंजिनावरचं तेल पुसलं आणि तिथं कोरलेला नंबर मोठ्यानं वाचला. मी चष्मा लावून बुकातला नंबर वाचला. दोन्ही एकच. मग तिनं आपल्या गाडीचा चंदेरी रंग किल्लीनं खरवडला. नंबर वेगळाच होता, आणि त्याच्या खाली वेल्डिंगची वळी होती, जखमेच्या टाक्यासारखी. त्यानं तिचं इंजिन विकलं होतं आणि खिजरचं तडकलेलं डागून तिला दिलं होतं.

सात महिने त्यानं तिला बोल्ट न् बोल्ट शिकवला. इंजिनाला नंबर असतो आणि तो बुकाशी ताडून बघायचा असतो, तेवढं मात्र शिकवलं नाही. माझ्या तोंडात फार घाण शिव्या आल्या आणि मी त्या दिल्याही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तोवर गोष्ट गावभर झाली होती, तरी बाळासो आला, काखेत साडीची पिशवी. न येणं म्हणजे कबुली, असा त्यानं हिशेब केला असावा. शालूबाईनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पाटासमोर खरवडलेली राजदूत उभी होती.

"बस," ती म्हणाली. तो बसला, डोक्यावर टोपी घातली. ती निरांजन पेटवलेलं तबक घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्याला डोळे उचलता येईनात.

"बाळासो, असं का केलंस?"

त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग तो हळूच म्हणाला, "आक्का, तुला काय फरक पडनार हुता? तुला नुसती चालवायची हुती. मला वाटलं, तुला कळनार न्हाय."

"मला न्हाईच कळलं," ती म्हणाली. "म्हशीला कळलं."

तबक घेऊन ती आत गेली आणि परत आली नाही. बाळासो टोपी घालून पाटावर बसून राहिला. शेवटी मीच दारातून म्हणालो, "ऊठ आता."

खिजरनं आठवड्याभरात गाडी आणून तिच्या दारात लावली. इंजिनं तिनं एकटीनं बदलली, तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर ती वर्तमानपत्रावर नट ओळीनं मांडून नुसती बसली होती.

"काय अडलं?" मी विचारलं.

"काय न्हाय. बगा की, नट त्याच्यावानी मांडलेत. पाना बी त्याच्यावानीच धरते." तिनं हात पालथे-उलथे केले. "त्याला भाऊ म्हणायचं टाकलं, नाना. ह्ये हात कुठं टाकू?"