आदल्या दिवशी विचारलेला प्रश्न

आमच्या चौक गावच्या नाक्यावर विमानतळाच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या कपाळाला सात टाके होते आणि माझा थोरला भाऊ, बबनदादा, पाय मोडून दवाखान्यात पडला होता. आईने खिडकीतून हात घालून माझं तोंड कुरवाळलं. म्हणाली, "जा रं गणू. पाठच्या भावावर हात उचलला त्यानं. आता त्यो मेला मला."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पुढची गोष्ट मी तुम्हा सगळ्यांना सांगून बसलोय. रस्त्याकडचं भाताचं खाचर मला फार्महाऊसवाल्याला विकायचं होतं, दादा सही देत नव्हता. बांधावर बाचाबाची झाली, त्याने फावडं उगारलं, मी ते हिसकावून जीव वाचवला. कतारला, दोह्यातल्या रूमवर दहा वर्षं हेच. डाळीला फोडणी देता देता सांगितलं, साइटवरच्या नेपाळी फोरमनला हिंदीत सांगितलं. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं.

गेल्या शुक्रवारी एसीच्या कॉम्प्रेसरचा एक एरर कळेना, म्हणून प्रश्न-उत्तरांच्या एका साइटवर जुन्या ईमेलने लॉगिन केलं. समोर माझेच जुने प्रश्न आले. पासपोर्टला किती दिवस लागतात? मेडिकलमध्ये काय काय तपासतात? हसू आलं मला. मग तिसरा. "भावाचा पाय मोडला तर किती वर्षांची शिक्षा होते? व्हिसा अडकतो का?" तारीख मारामारीच्या आदल्या दिवशीची.

अरे हरामखोरा! मोठ्याने स्वतःलाच म्हणालो. खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'आधी गार पाणी पी, मग भावाशी बोल.' त्यावर माझं उत्तर, 'बोलून झालंय.'

मग एकेक आठवत गेलं. दादा पाठमोरा वाकून बांध लिंपत होता. फावडं घरून मी नेलं होतं. दांड्याचा पहिला तडाखा गुडघ्यामागे बसला आणि तो चिखलात तोंडावर पडला. "अरं गण्या, मी हाय रं!" ओरडला. त्याला वाटलं, माझी माणूस ओळखण्यात चूक झाली. तरी मी अजून दोनदा मारलं. वाळकी काटकी मोडावी तसा नडगीचा आवाज आला. त्याने माझा पाय धरून ओढला, मी दगडावर आपटलो, कपाळ फुटलं. आईने ते रक्त पाहिलं. पोलिसांना दादा म्हणाला, पाय घसरून पडलो. चूक त्याची म्हणून गप्प बसला, असं मी धरून चाललो.

दहा वर्षांत पहिल्यांदा दादाला फोन लावला. प्रश्न वाचून दाखवला.

"मागनं आलास तू. मला काय कळलं नाय?" तो शांतपणे म्हणाला.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"तुझं जानं अडकलं असतं. आईला सांगितलं, रडून सांगितलं. तिला खरं नाय वाटलं. एका घरात ऱ्हातो आमी, पन ती माझ्याशी बोलत नाय. तू येऊन सांग, गण्या. ती हाय तवर."

तिकीट काढलंय. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते पुन्हा पळून जाणंच झालं असतं. पूर्वी घर म्हटलं की मला सुट्टी आठवायची. आता तो बांध आठवतो. आई मला उंबऱ्यावरून हाकलून देईल, द्यावंच तिने. त्यानंतर तरी ती दादाला जेवायला हाक मारेल.