काठी लागलेली कळशी

त्यानं आमची कळशी काठीनं उचलली.

काठीचं टोक कळशीच्या गळ्यात घातलं, कळशी वर धरली, चावडीपुढं जमलेल्या लोकांना दाखवली आणि म्हणाला, "ही कोन नेनार? कुत्र्याला पानी पाजाया बी न्हाय कुनी नेनार." लोक हसले. मी आईचा पदर धरून उभी होते. कळशी पितळेची होती, आईनं माहेराहून आणलेली. रोज घासून ती लख्ख ठेवायची. त्या दिवशीही ती लख्खच होती.

काठीवाला माणूस म्हणजे गावचे आबा. त्यांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. पतसंस्था त्यांची, सोसायटीत शब्द त्यांचा, मोडनिंबच्या फाट्यावर हायवेला लागून गाळा त्यांचा. आम्ही ओढ्याच्या पलीकडचे. मातंग. बापानं त्या पतसंस्थेतून शेळ्यांसाठी कर्ज काढलं होतं. साथ आली, शेळ्या मेल्या, एक उरली. हप्ते थकले. मग वसुलीचा साहेब माणसं घेऊन वस्तीत आला आणि घरात होतं ते बाहेर काढलं. ती एक शेळी, कळशी, परात, तांब्या, ताटल्या, तवा. एवढंच होतं. ते चावडीपुढं नेऊन लिलावाला मांडलं.

गरिबाची स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, असा कायदा आहे. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बापानं हात जोडलेच असते.

आधी शेळी काढली. साहेब म्हणाला, "बोला." आबांच्या शेजारी बसलेल्या एकानं बसल्या जागेवरून बोली लावली. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाला, "एकदा. दोनदा. तीनदा." झालं. शेळी गेली. ती मागं वळून ओरडत होती आणि मी तिच्यामागं पळाले तर आईनं मला धरून ठेवलं.

मग भांडी. बोली लागेना. एक जण म्हणाला, "पितळ हाय की चांगलं. इस्तवात टाकलं की झालं शुद." दुसरा म्हणाला, "टाकशील रं, पर घरात बायकोला काय सांगशील? कुनाच्या चुलीवरनं आनलं म्हनून?" पुन्हा हसणं. तेव्हाच आबा उठले आणि काठी कळशीच्या गळ्यात घातली. आमच्या शेळीचं दूध त्यांना चालत होतं. शेळीला आमची जात लागत नव्हती. कळशीला मात्र लागली होती.

साहेबाला कंटाळा आला असावा. त्यानं हात झटकला. "उचल गं बाई. घेऊन जा तुझी भांडी."

भांडी नेली तेव्हा सगळ्या वस्तीनं बघितलं होतं. परत दिली तेव्हा सगळ्या गावानं बघितलं. कोणता अपमान मोठा, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. परत दिली तो मोठा. बाप वाकला आणि म्हणाला, "लई उपकार झालं, सायेब." त्या क्षणी मला बापाचा इतका राग आला की आजही तो आठवला की कान तापतात. बाप आता नाही. राग गेला. पण ते शब्द गेले नाहीत.

परात डोक्यावर घेऊन मी आईच्या मागं चालत होते. ओढा ओलांडताना आईनं पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरी आल्या आल्या चुलीतली राख घेऊन बसली आणि भांडी घासायला लागली. आधीच स्वच्छ असलेली भांडी. कळशी तर किती वेळ घासत होती. मला वाटलं, हिलाही पटलं. आपण घाण आहोत, हे हिनंही मान्य केलं. माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातली कळशी ओढली आणि ओरडले, "आपली भांडी घान न्हाईत! कशाला घासतीस?"

आईनं कळशी परत घेतली. शांतपणे म्हणाली, "भांडी न्हाईत गं घान. त्याची काठी लागलीया. धुवाया नगं व्हय?"

मी तिथंच बसले. आयुष्यात मला कुणी एवढं मोठं काही सांगितलं नव्हतं, ना शाळेत, ना भाषणात. चावडीपुढं आई मान खाली घालून उभी होती. मला वाटलं होतं, ती लाजली. ती लाजली नव्हती. घाण कुणाची आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ती ते बाहेर बोलत नव्हती, घरात येऊन राखेनं धूत होती.

पुढं लग्न होऊन मी सोलापुरात भवानी पेठेत आले. नवऱ्याशी पटलं नाही. त्याची कथा वेगळी आहे, ती इथं सांगत नाही. पण त्या पेठेनं मला पोटाचा धंदा दिला. गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकर बायका होत्या. त्यांच्याबरोबर मी कडक भाकरी थापायला लागले, शेंगदाण्याची चटणी कुटायला लागले. त्या मला अक्का म्हणायच्या आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून खायच्या. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी उठून मोरीत गेले आणि रडले. एवढ्याशा गोष्टीला रडायला यावं, याचीही चीड आली.

मग आई थकली, म्हणून गावी परत आले. फाट्यावर हातगाडी लावली. भाकरी, चटणी, पिठलं, कधी शेंगाची आमटी. ट्रकवाले थांबतात. आंध्रातले, कर्नाटकातले, पंजाबातले. पोटभर खातात, ढेकर देतात, जाताना "ताई, उद्या परत येतो" म्हणतात. गाव सोडून सगळी दुनिया माझ्या हातचं खाते. गावातले लोक गाडीपाशी येतात, गप्पा मारतात आणि पाण्याची बंद बाटली विकत घेतात. तिचं झाकण पक्कं आहे ना, ते बघून घेतात.

हातगाडी कधीही उठवतात. रस्तेखात्याची माणसं येतात, उचला म्हणतात, उचलते. पावसात चूल विझते. मला चार भिंती आणि वर पत्रा हवा होता. दारावर माझी पाटी आणि आत माझी चूल. बाकी काही नको.

अशात आबांचे दिवस फिरले. मुलानं धंदे केले, बुडवले. आबांच्या त्याच पतसंस्थेचं कर्ज थकलं. संस्थेवर सरकारी प्रशासक आला आणि त्यानं आबांच्या दोन मिळकती लिलावात काढल्या, गावातलं राहतं घर आणि फाट्यावरचा गाळा. नोटीस गाळ्याच्याच शटरवर चिकटवली होती. माझी गाडी तिच्यासमोर. भाकरी थापता थापता मी ती रोज वाचत होते.

गावानं देवळात बसून ठरवलं. गावातल्या माणसाच्या मिळकतीवर गावातल्या कुणी बोली लावायची नाही. ही गावची जुनी रीत आहे म्हणे. बोली आली नाही की लिलाव फसतो, किंमत खाली येते, मग आबांचा मेहुणा पुण्याहून येऊन मिळकत हळूच घेतो आणि ती घरातच राहते.

आईसुद्धा म्हणाली, "लोकाचं मोडल्यालं घ्यू नगं. तळतळाट लागतू."

मी आईचं बोलणं उडवून लावलं नाही. ती रीत चांगली आहे, हे मलाही कळतं. शेजाऱ्याच्या पडझडीत हात घालू नये, यात माणुसकी आहे. मी विचार केला आणि ठरवलं की घराकडं बघायचं नाही. घरात आबांची नातवंडं आहेत. कुणाच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर मला नको. पण गाळ्यात उंदीर राहतात. आणि एवढी माणुसकी गावात होती, तर त्या दिवशी ती कुठं गेली होती? आमच्या शेळीवर बोली लावणारा माणूस गावातलाच होता. ही रीत ओढा ओलांडून आमच्याकडं कधी आलीच नाही.

मी अनामत भरली. कशी भरली, ते मी सांगत बसणार नाही. भरली.

लिलाव पतसंस्थेच्या हॉलमध्ये होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अख्खं गाव आलं होतं. बोली लावायला नाही, कोण लावतंय ते बघायला. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. सोलापूरहून आलेला कारकून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, चहा इकडं नको, आत ठेवा." माझ्या हातात चहा नव्हता. पिशवीत अनामतीची पावती होती. मी ती दाखवली. तो पावतीकडं बघत राहिला, मग लिलाव घेणाऱ्या साहेबाकडं गेला. मागं कुजबुज सुरू झाली. आबा पहिल्याच खुर्चीवर बसले होते, म्हातारे झालेले, मांड्यांमध्ये काठी धरून. काठी तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडंच बघत होते.

घराची बोली पुकारली. सगळे गप्प. मीही गप्प. आबांनी हळूच माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, घाबरली.

गाळ्याची पुकारली. मी हात वर केला आणि बोली सांगितली. आवाज नीट निघाला. मला भीती होती की निघणार नाही.

साहेबानं दोन-तीनदा विचारलं, आणखी कुणाची? कुणाची नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "हॉटेल काडनार म्हनं. हिच्या हातचं खानार कोन?" लोक हसले. तेच हसू. इतकी वर्षं झाली, पण मी ते लगेच ओळखलं.

आबा साहेबाच्या कानाशी लागले. साहेबानं घसा खाकरला. "एकच बोली आलेली आहे. एका बोलीवर विक्री करणं योग्य होणार नाही. लिलाव तहकूब. पुढची तारीख कळवण्यात येईल."

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. मी उठले नाही.

"सायेब," मी म्हणाले, "आमची शेळी एकाच बोलीवर गेलती."

साहेबाला काही कळेना. "कुठली शेळी?"

"ह्यास्नी इचारा." मी आबांकडं बोट दाखवलं. "ह्यांच्याच दोस्तानं नेली. दुसरी बोली नव्हती. तवा तहकूब का न्हाय केला? एकदा, दोनदा, तीनदा म्हनून मोकळं झालता."

कुणी हसलं नाही. ज्यांना आठवत होतं ते जमिनीकडं बघायला लागले. पोरं एकमेकांना विचारत होती, काय झालतं, काय झालतं. आबा काठीवर जोर देऊन उठले. जाताना माझ्याजवळ थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, गावात ऱ्हायाचं हाय न्हवं तुला?"

"ऱ्हायाचं हाय," मी म्हणाले. "म्हनूनच आलीया हितं."

मी घरी आले. खोटं कशाला सांगू? भीती वाटते. माझी गाडी रस्त्यावर असते, रात्री तिची चाकं कुणी काढून नेली तर मी कुणाला विचारणार आहे? मी आईला सगळं सांगितलं. चहाचं, हसण्याचं, एका बोलीचं. मला वाटलं ती म्हणेल, सांगितलं होतं की, नको जाऊ. तिनं एका बोलीचं तेवढं मला पुन्हा सांगायला लावलं.

मग म्हणाली, "म्हंजी येका बोलीवर इकता येत न्हाय, असं सायेब म्हनला?"

"व्हय."

"मंग आपली शेळी लुटूनच नेली म्हन की." तिचे हात मांडीवर होते, राखेनं भांडी घासून घासून बोटं वाकडी झालेले हात. "दोन बोल्या लागत्यात न्हवं? मी लावती."

"कुनाइरुद्ध?"

"तुज्याइरुद्ध. आनि कुनाइरुद्ध?"

तळतळाटाचं बोलणारी माझी आई. मी तळतळाटाचं विचारलं तर म्हणाली, "तळतळाट लागायचा तर आपला त्यास्नी आधीच लागलाय."

गाळा मला मिळेल की नाही, हे मला माहीत नाही. ते पुन्हा काहीतरी नवा नियम काढतील. काढू देत. मीही तो पाठ करीन आणि त्यांच्यासमोर ठेवीन. पुढच्या तारखेला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या आमच्या असतील. आईची अनामत कुठून येणार, ते विचारू नका. येणार. त्या हॉलमध्ये एक बोली मी लावीन, दुसरी ती लावील. चावडीपुढं मान खाली घालून भांडी गोळा केलेली बाई मान वर करून आकडा सांगेल. तीनदा म्हणेपर्यंत आम्ही खुर्ची सोडणार नाही.