बिननावाचं पत्रक

"टाकीचं कोन वाचते बे? बाईचं लिही," भाऊ म्हणाले आणि माझा ड्राफ्ट परत माझ्याकडे सरकवला.

भाऊ आमचे जिल्हा परिषदेचे उमेदवार. मोताळ्याच्या त्यांच्या ऑफिसातून निघणारी सगळी पत्रकं मी लिहायचो. ड्राफ्टात पाण्याची टाकी होती. भाऊंनी तिचं दोनदा उद्घाटन केलं, पाणी अजून आलेलं नाही. मी लिहिलं होतं, चूक कबूल करू आणि मुदत देऊ. 'बाई' म्हणजे समोरच्या उमेदवार, वंदनाताई. नवऱ्यापासून घटस्फोट घेतलेल्या. भाऊंना तेवढंच छापायचं होतं.

"त्याचा पाण्याशी काय संबंध, भाऊ?"

"लोकं चारित्र्य पाह्यतेत."

"मंग मलकापूरच्या घराचंही लिहू?"

मलकापुरात भाऊंचा दुसरा संसार आहे, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं, आजही नाही. खोलीत बसलेले सगळे कार्यकर्ते एकदम मोबाइलमध्ये पाहू लागले.

"ते माह्यं घरचं हाय."

"तिचंही घरचंच हाय."

निवडणुकीच्या पत्रकावर तळाशी छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं. कायदाच आहे तसा. मी विचारलं, "प्रकाशक म्हणून तुमचं नाव टाकता?"

भाऊ हसले. "अशा कागदावर नाव टाकत असतेत का बे?"

"मंग मी लिहीत नाही."

संध्याकाळी मला प्रचाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. त्याच आठवड्यात पत्रक पेपरांच्या घडीतून घरोघर गेलं. तळाला नाव नाही. लिहिणाऱ्यानं माझी धाटणी मात्र जशीच्या तशी उचलली होती, 'मतदारांनो, स्वतःला विचारा' सकट.

मी वंदनाताईंकडे गेलो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुमचं लिहिनं मले ओळखू येते, दादा."

"ताई, मी नाही लिहिलं. मी नाही म्हटलं होतं."

"कोनापुढं म्हटलं?"

खोलीतली सगळी माणसं आठवली. त्यातलं कुणीही माझ्यासाठी बोलणार नव्हतं. ताईंनी दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

भाऊ निवडून आले. सत्काराच्या भाषणात संस्कारांवर बोलले. टाकी कोरडीच आहे. त्यांची माणसं मला गद्दार म्हणतात, ताईंची माणसं भाऊंचा चमचा. आठवडी बाजारात दोन्हीकडचे मला पाहून बोलणं थांबवतात. भाजी घेतो, घरी येतो.

या कामात नाही म्हणायचं तर चौकात म्हणावं. खोलीतल्या नकाराला साक्षीदार मिळत नाही.