तक्रार बंद करायची सही

सर्व्हर दुरुस्त करायला डहाणूहून एसटीने आलेली ती मुलगी आमच्या तलासरीच्या तहसील कार्यालयाला सर्व्हर विकणाऱ्या कंपनीची नव्हती, कंपनीच्या डीलरकडे कामाला होती. तिच्याआधी आलेले सगळे माझी, म्हणजे इथल्या क्लार्कची, सही घेऊन गेले आणि दर वेळी सर्व्हर पुन्हा बंद पडला.

तिला कंपनीच्या साहेबाचा फोन आला, तिने तो स्पीकरवर टाकला. "मशीन सुरू झालं ना? क्लार्कची सही घे, तक्रार बंद कर."

तिने स्क्रू-ड्रायव्हर अंबाड्यात खोचला.

"सर, वेवजी गावच्या मावशी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आल्यात. दाखला त्यांच्या हातात पडला की बंद करते."

दुपारी दाखला निघाला. मी पेन काढलं, तर तिने दुरुस्तीचा अहवाल मावशींपुढे सरकवला. मावशींनी अंगठा उमटवला.

अंगठा चालत नाही, क्लार्कचीच सही हवी म्हणून कंपनीने अहवाल परत पाठवलाय. मी अजून सही केलेली नाही.